जुन्या सांगाड्याला कातड्याची बैठक

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून, जिन्याखालून, गच्चीच्या कोपऱ्यातून काय काय बाहेर पडतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको. गळकी बादली, तीन पायांचा पाट, मुलांची मोडकी सायकल आणि हमखास एक-दोन लोखंडी नळीच्या खुर्च्या. कुणाची नवार लोंबतेय, कुणाच्या प्लॅस्टिकच्या वायरी तुटल्यात, कुणाचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलाय. घरातली मंडळी एका सुरात म्हणतात, "टाका भंगारात!" भंगारवाला ती खुर्ची काट्याला उलटी टांगतो आणि वजनावर जे चार पैसे ठेवतो त्यात आठवड्याची भाजीसुद्धा येत नाही.

पण जरा थांबा. त्या खुर्चीचं नेमकं बिघडलंय काय? सांगाडा धड आहे, पाय धड आहेत, जोड पक्के आहेत. गेली आहे ती फक्त बैठक. साडीचा काठ विरला म्हणून आपण अख्खी साडी टाकत नाही. फॉल लावतो, काठ बदलतो. खुर्चीचंही तसंच आहे. त्याच सांगाड्यावर चांगल्या कमावलेल्या कातड्याची बैठक बसवली तर ती खुर्ची नवी होते आणि नीट जपली तर पुढची पंधरा-वीस वर्षं सहज काढते. उन्हाळ्यात ती रेक्झिनसारखी पाठीला चिकटत नाही, आणि जितकी वापराल तितकी तिच्यावर चकाकी चढते.

हे काम थोडं आपलं आणि थोडं चर्मकार कारागिराचं आहे. कुठलं काम आपण करायचं आणि कुठलं त्याच्याकडे द्यायचं, हे एकदा नीट कळलं की पुढे काहीच अवघड नाही.

ही खुर्ची आली कुठून?

लोखंडी नळी वाकवून खुर्ची करण्याची कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत मार्सेल ब्रॉयर नावाच्या तरुण कारागीर-शिक्षकाने १९२५ साली सायकलच्या हँडलवरून ती घेतली, असं सांगतात. सायकलची नळी वाकते, हलकी असते आणि वजनही पेलते, मग तिची खुर्ची का करू नये? त्याने नळीचा सांगाडा केला आणि त्यावर जाड कापडाचे पट्टे ताणून बसवले. पुढे त्याच खुर्चीला कातड्याचे पट्टे आले. १९३८ साली दक्षिण अमेरिकेत, ब्यूनोस आयरेस शहरात, तीन वास्तुविशारदांनी लोखंडी सळईच्या सांगाड्यावर कातड्याची अख्खी झोळीच टांगली. ती खुर्ची अजूनही जगभर बनते.

आपल्या देशातली गंमत तर त्याच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकीच्या लष्करी इंजिनियरांनी सफरीवर न्यायला एक मोडून गुंडाळता येणारी खुर्ची केली. दांडे लाकडाचे आणि बैठक किरमिजाची किंवा कातड्याची. कापड किंवा कातडं ताणलं की खुर्ची आपोआप घट्ट उभी राहायची. आमचं नगर हे छावणीचं गाव. चिलखती दलाचं केंद्र इथेच आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही. तेव्हा 'सांगाडा कडक आणि बैठक ताणलेली' ही तऱ्हा आम्हाला अगदीच परकी नाही.

यातलं तत्त्व तेवढं लक्षात ठेवा. अशा खुर्चीत बसणाऱ्याचं वजन कातडं पेलतं आणि कातड्याचा ताण सांगाडा पेलतो. म्हणून कातडं आणि सांगाडा, दोन्ही पारखून घ्यायला हवेत.

कातडं, आणि घरात?

हा प्रश्न तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात आला असेल. सासूबाई नाक मुरडतील, कुणी सोवळ्या-ओवळ्याचं काढेल. त्यांना शांतपणे विचारा, गुरुवारच्या भजनाला पखवाज चालतो ना? तबला, ढोलकी, संबळ, सगळ्यांवर कातडंच असतं, आणि ती वाद्यं देवासमोरच वाजतात. ज्यांना तत्त्वाने कातडं वापरायचं नाही त्यांचा मान ठेवावा. त्यांनी जाड किरमिज घ्यावं. खाली सांगितलेली मापं त्यालाही चालतील. एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे जाड कामासाठी जे कातडं बाजारात मिळतं ते बहुतेक म्हशीचं असतं, आणि बैठकीला म्हशीचंच उत्तम.

नगरची माती आणि कातडं

आमचा जिल्हा (२०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी तोंडात अजून नगरच येतं) पाण्याला पारखा. विहिरीचं पाणी हेच शेतीचं पाणी, आणि ते वर यायचं मोटेने. तुमच्यापैकी चाळिशीच्या आतल्या मुलींनी मोट फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल. म्हशीच्या कातड्याचा भला मोठा डोण, त्याला खाली कातड्याचीच लांब सोंड. बैल धावेवरून उतरायचे आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. दिवसभर पाण्यात बुडणारं, वजनाने ताणलं जाणारं आणि पुन्हा उन्हात वाळणारं ते कातडं वर्षानुवर्षं टिकायचं. गावचा चर्मकार ती मोट शिवायचा, डागडुजी करायचा आणि सुगीला आपलं बलुतं घेऊन जायचा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डिझेलची इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोटा अडगळीत पडल्या आणि त्या शिवणाऱ्यांचं मोठं कामच गेलं. उरल्या त्या चपला.

ज्या कातड्याची मोट व्हायची त्याच जातीचं कातडं आपल्याला खुर्चीला हवं आहे, म्हणजे वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं. ते करण्याची जुनी रीत अशी. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याचे केस काढायचे, धुवायचे आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं. कुठे कुठे कातड्याचीच पिशवी शिवून टांगतात आणि तिच्यात हे पाणी भरतात. ते झिरपत झिरपत कातड्यात उतरतं. बाभळ आमच्या रानात पावलोपावली आहे आणि हिरडा आमच्याच अकोले तालुक्याच्या डोंगरात. कमावण्याचं काम परंपरेने ढोर, म्हणजे ककय्या समाजाचं आणि शिवण्याचं चर्मकारांचं. दोन्ही कामं कष्टाची, वासाची आणि हात सोलवटणारी. समाजाने त्या कामाचा फायदा घेतला आणि काम करणाऱ्यांना मात्र वेशीकडे ठेवलं. हे लिहिल्यावाचून या विषयावर लिहिणं बरं नाही.

कातडं कसं पारखाल?

दुकानदार म्हणेल, "घ्या वहिनी, प्युअर लेदर." आपण आपली परीक्षा करावी.

१. कापलेली कड बघा. वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याची कड आरपार तपकिरी दिसते. क्रोमने कमावलेल्याची कड बहुधा निळसर-करडी असते. क्रोमचं कातडं पर्सला, बुटाच्या वरच्या भागाला छान. पण बैठकीला ते जास्त ताणतं आणि झोळ पडतो.

२. बोटाने पाण्याचा एक थेंब लावा. आपल्याला हवं ते कातडं थेंब पिऊन घेतं आणि तेवढ्या जागी गडद होतं.

३. घडी घालून बघा. वरच्या बाजूला भेगा पडल्या तर कातडं जुनं किंवा सुकं आहे.

४. शंका असेल तर कातरणाचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळा. खरं कातडं जळालं की केस जळाल्याचा वास येतो. रेक्झिन वितळतं, गोळा होतं आणि प्लॅस्टिकचा वास सुटतो.

५. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर हवी. काडेपेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवा. त्याहून किंचित कमी. पाठीच्या पट्ट्याला दोन-अडीच मिलिमीटरही पुरे.

६. जनावराच्या पाठीकडचा भाग मागा. पोटाकडचं कातडं सैल विणीचं असतं. ते स्वस्त मिळतं, पण चार महिन्यांत खुर्चीचा पाळणा होतो!

कातडं चौरस फुटावर विकतात. तालुक्याच्या गावी मोठा तुकडा मिळणं कठीण. तुमच्या ओळखीच्या चर्मकाराला सांगितलंत तर तो त्याच्या मालाबरोबर मागवून देतो. मुंबईला जाणं असेल तर धारावीत, नाही तर कोल्हापुरात हवं तसं बघून घेता येतं.

आधी सांगाड्याची डागडुजी

हे काम पूर्णपणे आपलं. एक रविवार आणि घरातला एक उत्साही मुलगा एवढं पुरे.

जुनी नवार, वायर, खिळे सगळं काढून टाका. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून हलवून बघा. डुगडुगत असेल किंवा जोडावर बारीक तडा दिसत असेल तर आधी वेल्डिंगवाल्याकडे न्या. तिथेच आणखी एक गोष्ट बघा. बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना जोडणारी आडवी नळी पुढे आणि मागे आहे ना? कातडं दोन्ही नळ्यांना सतत आत ओढत असतं. आडवी नळी नसेल तर सांगाडा हळूहळू मिटत जातो. नसल्यास ती वेल्ड करून घ्या. खर्च थोडा, पण न केल्यास पुढचं सगळं वाया.

मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडा. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. रंग हाताला वाळल्यासारखा लागला तरी आठ दिवस खुर्चीला हात लावू नका, नाही तर कातडं रंगाला चिकटून बसेल.

रंग एवढा महत्त्वाचा का, ते सांगते. आपण केसांसाठी आवळ्याचं पाणी लोखंडी कढईत ठेवतो, ते काळंभोर होतं ना? आवळा, हिरडा आणि बाभळीची साल यांच्यात तोच तुरट गुण असतो. त्याचा आणि लोखंडाचा ओलसर संबंध आला की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई याच गुणावर व्हायची. आता विचार करा, हिरड्यात मुरलेलं कातडं उघड्या लोखंडावर ताणलं आणि पाणी लागलं तर काय होईल? कातड्यावर काळे डाग आणि तुमच्या साडीवर शाई! म्हणून नळी रंगवलेलीच हवी आणि कातड्यात लोखंडी खिळे, रिबिटी अजिबात नकोत. पितळी किंवा तांब्याच्याच वापरा.

बेतायचं कसं?

ब्लाउज बेतणाऱ्या हाताला हे काही कठीण नाही. आधी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून नमुना करा. तो नळीभोवती गुंडाळून बघा आणि मगच कातड्यावर ठेवा.

समजा, बैठकीच्या दोन बाजूंच्या नळ्यांमधलं अंतर, एका नळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत, १८ इंच आहे. बैठकीची खोली १६ इंच. नळी एक इंच जाडीची. कातड्याची रुंदी अशी काढा:

वरची बैठक: १८ इंच
दोन्ही नळ्यांना अर्धा वेढा, दीड-दीड इंच: ३ इंच
खाली वळणाऱ्या पट्ट्या, तीन-तीन इंच: ६ इंच
पट्टीच्या टोकाची दुहेरी घडी, एक-एक इंच: २ इंच
एकूण: २९ इंच

म्हणजे २९ बाय १६ इंचांचा तुकडा. हा झाला सव्वातीन चौरस फुटांच्या आसपास. पाठीचा पट्टा आठ इंच उंचीचा धरला तर २९ बाय ८, म्हणजे दीड चौरस फुटाहून थोडा जास्त. दोन्ही मिळून पाच चौरस फूट, आणि कडेचं वेडंवाकडं वाया जातं म्हणून सहा चौरस फूट घ्या. चार खुर्च्या एकदम केल्या तर वाया कमी जातं. शेजारणीला सामील करून घ्या!

बाकी साहित्य: मेण लावलेला जाड सुती दोरा, बैठकीच्या पट्ट्यांना दोन इंचांवर एक अशी प्रत्येक बाजूला आठ आणि पाठीच्या पट्ट्याला चार-चार पितळी आयलेट, बैठकीसाठी वीस फूट आणि पाठीसाठी दहा फूट मजबूत दोरी. दोरी पाव इंच जाडीची, सुती किंवा नायलॉनची.

शिवण कारागिराची

इथे मी तुम्हाला कळकळीने सांगते, घरच्या शिवणयंत्रावर हे शिवायला जाऊ नका. सुई मोडेल आणि यंत्राचा ताल कायमचा बिघडेल. शिवाय यंत्राची टीप या कामाला कमीच पडते. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. चर्मकार आरीने भोक पाडतो आणि एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन बाजूंनी त्याच भोकातून ओढतो. असा टाका एखाद्या ठिकाणी झिजला तरी शेजारचा धरून ठेवतो. घोड्याचं खोगीर याच टाक्याने शिवतात.

कापण्याचं काम रापीचं. सांगाड्याला जिथे पाय जोडलेला असेल तिथे कातड्याला खाच घ्यावी लागते. खाचेचं टोक टोकदार नको, गोल हवं. पंचने गोल भोक पाडून तिथपर्यंतच कापायचं. टोकदार कोपऱ्यातून कातडं फाटत जातं, हे आपल्या ब्लाउजच्या काखेचंच गणित आहे. पुढची कड थोडी तासून, ओल्या फडक्याने पुसून, गुळगुळीत लाकडाने घासून घ्या म्हणजे मांडीला रुतत नाही.

पट्ट्यांची टोकं दुहेरी करून शिवली आणि आयलेट बसले की कातडं पाण्याच्या बोळ्याने दोन्ही बाजूंनी नुसतं ओलसर करायचं. चिंब नाही. मग ते नळ्यांवरून खाली वळवून, बैठकीच्या पोटाखाली दोरी नागमोडी ओवत जायची. ढोलकीच्या दोऱ्या ओढतात तसं, दोन्ही बाजू सारख्या ठेवत. खुर्ची दोन दिवस सावलीत ठेवा. उन्हात बिलकूल नाही. वाळताना कातडं नळीचा आकार धरतं.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की कातडं पुढे थोडं सैल पडलं तरी खुर्ची उलटी करून दोरी पुन्हा ओढता येते. पहिल्या महिन्यानंतर एकदा ओढावीच लागते.

किती ओढायचं?

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेच्या शिक्षकखोलीत अशा चार खुर्च्या करून घेतल्या. एस. टी. स्टँडजवळ बसणारे एक वयस्कर काका आरी, रापी, ऐरण घेऊन आले. व्हरांड्यात पोतं पसरून त्यांनी दोन दिवस काम केलं. पहिली खुर्ची ओवून झाली तेव्हा म्हणाले, "बाई, कुणीतरी बसा. झोळ बघायचाय."

आमच्या मुख्याध्यापिकाबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, "तुम्हीच बसा की. दोरी किती ओढायची ते बसल्याशिवाय आम्हाला थोडंच कळणार?"

काकांनी हात धोतराला पुसले आणि बसले. जरा मागे रेलले. उठले, खुर्ची उलटी केली, मधल्या दोन जागी दोरी आवळली आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, "आमचा आजा पाटलाच्या मोटा शिवायचा. शिवली की विहिरीत सोडून बघायचा, कुठं गळती का. तसंच हे. बसून बघायचं." दुसरी खुर्ची हातात घेता घेता सहज बोलले, "वाड्याच्या ओसरीवर मात्र तो कधी चढला नाही."

कुणी काही बोललं नाही. चहा आला तो सगळ्यांना एकाच ट्रेमधून आला आणि काकांनी तो खुर्चीवर बसूनच घेतला. उरलेल्या तिन्ही खुर्च्याही त्यांनी अशाच बसून, उठून, पुन्हा बसून जुळवल्या.

तेव्हा हा कामाचा भागच समजा. ज्याने बैठक शिवली त्यानेच ती आधी बसून बघायची. हे तुमच्या घरातही व्हावं. खुर्ची ओट्यावर नेऊन दिली आणि ओट्यावरूनच परत घेतली तर काम अर्धंच झालं, दोन्ही अर्थांनी.

निगा कशी राखाल?

आमच्याकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. त्यामुळे कातड्याला ओलीपेक्षा कोरडेपणाचं भय जास्त. वर्षातून दोनदा, एकदा मे अखेर आणि एकदा दिवाळीनंतर, मऊ फडक्यावर एरंडेल तेलाचे थोडे थेंब घेऊन अगदी पातळ हात फिरवा. एक दिवस तसंच ठेवून कोरड्या फडक्याने घासून पुसा. तेल जास्त झालं तर कातडं सैल होतं आणि कपड्यांना लागतं. वर हवं तर बिनरंगी बूटपॉलिश चालेल. रंगीत पॉलिश नको; पाहुण्यांच्या पांढऱ्या पायजम्याचा विचार करा.

नवीन बैठकीवर आधी ओलसर पांढरं फडकं घासून बघा. तपकिरी रंग उतरत असेल तर तो थांबेपर्यंत पुसून घ्या आणि काही दिवस वर चादर घाला.

चहा-पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या. मग ओलसर फडकं सगळ्या बैठकीवरून सारखं फिरवा, म्हणजे एकाच जागी वर्तुळ उमटत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्या मैत्रिणींना पावसाळ्यात बुरशीचा त्रास होईल. कोरड्या फडक्याने ती घराबाहेर झटका. सम प्रमाणात व्हिनेगर आणि पाणी घेऊन पुसा आणि वाऱ्यावर, सावलीत वाळवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. कातड्याला हवा लागते. आणि मांजराला त्या खोलीत एकटं सोडू नका, एवढं सांगून हा भाग संपवते.

हिशेब आणि मजुरी

खर्चाची यादी कागदावर मांडा. कातडं चौरस फुटाने, रंग आणि प्रायमर, वेल्डिंग, आयलेट-दोरी आणि मजुरी. पहिल्या चारही गोष्टींत दुकानात आपण फारशी घासाघीस करत नाही, कारण तिथे भाव छापलेला असतो. घासाघीस होते ती नेमकी मजुरीत. "एवढंसं तर शिवायचंय, काका!" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं. त्या 'एवढ्याशा'त एका खुर्चीला कारागिराचा जवळजवळ अर्धा दिवस जातो. गवंड्याला, सुताराला दिवसाची जी मजुरी आपण मुकाट्याने देतो तीच इथे धरावी. काम सुरू होण्याआधी ठरवावी आणि काम संपल्यावर त्यातून कमी करू नये.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात आणल्या आणि सुरुवातीला आपल्या कारागिरांचं नावही घेतलं नाही. आपल्याकडून टीका झाल्यावर मान्य केलं. तेव्हा आपल्याला राग आला, आणि तो योग्यच होता. पण स्टँडजवळच्या छत्रीखाली बसलेल्या माणसाच्या हातात तीच कला आहे, आणि त्याच्याशी आपण पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो.

तुमच्या गावच्या कारागिराला ठाऊक नसेल तर एक माहिती त्याच्या कानावर घाला. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. त्याच्या कर्जाच्या आणि प्रशिक्षणाच्या योजना असतात. रस्त्याकडेला बसणाऱ्या गटई कामगारांसाठी पत्र्याच्या स्टॉलची सरकारी योजनाही आहे. अर्ज भरायला आपल्यापैकी शिकलेल्या बायकांनी अर्धा तास दिला तर काही बिघडत नाही. त्यांच्या मुलांना हा धंदा करायचा नसेल तर त्यांनी तो करू नये, त्यांचं त्यांनी ठरवावं. पण जो करतो आहे त्याला चपलेच्या तळाला टाके घालण्यापलीकडचं काम मिळालं, तर त्याच्या हाताला आणि खिशाला दोन्हीला बरं.

शेवटी एक छोटी सूचना. बैठक ओवण्याआधी खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला कारागिराचं नाव, काम झाल्याची तारीख आणि त्याला चालत असेल तर फोन नंबर पेनने लिहून घ्या. त्यालाच लिहू द्या. आणखी आठ-दहा वर्षांनी दोरी बदलायची वेळ येईल, तेव्हा कदाचित तुमची सून खुर्ची उलटी करील. कुणाला बोलवायचं, ते तिला तिथेच वाचायला मिळेल.